पाठीवरचा वेताळ

आमच्या घरात तीन गोष्टींवर बोलायला बंदी आहे. पहिली, धाकट्या आत्याचं मोडलेलं लग्न. दुसरी, माझे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचे मार्क. आणि तिसरी, स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा झारा. पहिल्या दोन विषयांवर अधूनमधून कुणीतरी बोलतंच. पण झाऱ्याचा विषय निघाला की माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, ताटावरून उठतो. त्या झाऱ्याने तळलेली पुरी त्याने १९८७ सालापासून खाल्लेली नाही. निदान आईच्या देखत तरी नाही.

हा झारा समजून घ्यायचा तर थोडा इतिहास सांगावा लागेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. आमच्या लेखी इतिहास म्हणजे मागच्या तिमाहीचा ताळेबंद. तरीपण सांगतो, कारण गेली पस्तीसेक वर्षं मी या विषयावर दादाची व्याख्यानं ऐकत आलोय, आणि इतकी वर्षं बसून ऐकणाऱ्याला इतिहासकार म्हणवून घ्यायचा थोडाफार हक्क मिळतोच.

तर, १९६४ च्या मार्च महिन्यात मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. किंमत साठ पैसे. नायक होता ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम. मराठीत त्याचा झाला ‘वेताळ’. हे बारसं ज्याने केलं त्याला मानलं पाहिजे. कारण आमची आजी शेवटपर्यंत याच समजुतीत होती की नातू ‘वेताळपंचविशी’ वाचतोय, म्हणजे काहीतरी जुनं आणि संस्कारांचं. तोंडावर मुखवटा, कमरेला पिस्तुलं आणि अंगाला चिकटून बसलेले कपडे अशा वेशातला तो वेताळ पाहून ती एकदाच म्हणाली होती, “विक्रमाच्या काळात शिंपी बरे होते हो!”

मूळ गोष्टीत या वेताळाच्या देशाचं नाव आपल्या बंगालशी मिळतंजुळतं होतं. उगाच गोंधळ नको म्हणून ‘इंद्रजाल’वाल्यांनी त्याचं ‘डेंकाली’ करून टाकलं. गोंधळ टळला असं मात्र झालं नाही. सातवीच्या भूगोलाच्या पेपरात दादाने आफ्रिकेच्या नकाशात डेंकाली दाखवलं. बाईंनी त्यावर चुकीची खूण केली नाही. आफ्रिकेत तेव्हा नवे नवे देश होऊन गेले होते. त्यांना वाटलं असावं, हाही एखादा आपल्या वाचनातून सुटला असेल.

वेताळाच्या जोडीला जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आला. १९७६ साली आबिद सुरतींनी ‘बहादूर’ लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी त्याला चित्रांत उतरवलं. वर कुर्ता, खाली जीन्स आणि समोर डाकू. अंक आधी महिन्याने येई, मग पंधरवड्याने, मग दर आठवड्याला. म्हणजे आमच्या वडिलांच्या खिशावरचा ताण मासिक हप्त्यावरून साप्ताहिक हप्त्यावर आला. आमच्या बँकेत असल्या कर्जाला तारण मागितलं असतं.

चौदाव्या वर्षापर्यंत दादाकडे एकशे अठरा अंक जमले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा. अंक वाचायचा तर हात धुऊन, पुसून, दोन्ही बाजूंनी दाखवायचे, असा नियम होता. मुंजीतसुद्धा माझे हात इतके कुणी तपासले नव्हते.

आणि मग १९८७ ची दिवाळी आली. दिवाळी आली की वाड्यातल्या बायकांच्या अंगात साफसफाई संचारते. दादा शाळेत होता. रद्दीवाला दारात होता. एकूण नऊ किलो रद्दी निघाली, अडीच रुपये किलोने साडेबावीस रुपये आले. त्याच संध्याकाळी तुळशीबागेतून आईने मोठा झारा आणला. दादा घरी आला, कॉटखाली वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. आई आतून म्हणाली, “अरे, वाचून झाली होती ना सगळी?”

या एका वाक्यात जगातल्या समस्त आया आणि समस्त संग्राहक यांच्यातलं भांडण येऊन गेलं. आईच्या मते पुस्तक वाचून झालं की संपलं, जेवण झाल्यावर पत्रावळ संपते तसं. दादाच्या मते ते तिथून सुरू होतं. तो त्या दिवशी रडत रडत जे बोलला ते मला अजून आठवतं. “वेताळाने त्याच्या गुहेत चारशे वर्षांच्या वह्या जपून ठेवल्यात! त्याच्या आईने कधी रद्दीत घातल्या का?” आईने यावर थोडा विचार केला आणि म्हणाली, “त्याची गुहा मोठी असेल. आपल्या दोन खोल्या.”

१९९० साली ‘इंद्रजाल’ बंद पडलं. तोवर ८०३ अंक निघाले होते. घरात सुतक असल्यासारखा दादा तीन दिवस वावरला. चौथ्या दिवशी त्याने जाहीर केलं की तो आता सगळेच्या सगळे अंक जमवणार. चालू मासिक गोळा करणाऱ्याला शेवट नसतो. बंद पडलेल्याला निदान आकडा तरी असतो. हिशेबाच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बिनचूक होतं, आणि तिथेच आम्ही फसलो.

संग्राहक म्हणजे काय ते दादाला नोकरी लागल्यावर कळलं. दर रविवारी आणि बुधवारी पुण्याचा जुना बाजार. भल्या सकाळी हा तिथे हजर. पण कॉमिक्सच्या ढिगाकडे सरळ जाईल तर शपथ! गरज दिसली की भाव चढतो, हे त्याने अर्थशास्त्र न शिकता ओळखलं होतं. तो आधी नळाच्या तोट्यांची चौकशी करी, घासाघीस करी, एखादी तोटी विकत घेई, आणि मग निघता निघता सहज विचारल्यासारखं, “आणि ही रद्दी कशी दिली?” दादाच्या घरात नळ चार आहेत. तोट्या एकोणसाठ आहेत.

अंक हाती आला की त्याची तपासणी. आधी वास घ्यायचा. मग मधली पिन बघायची. तिला गंज चढला असेल तर पानाला तांबूस डाग पडतो. मग मधली पानं मोजायची, कारण पिन सैल झाली की आधी मधलंच पान गळतं. मग मागच्या बाजूला कुणी गणितं केलीत का ते बघायचं. गणित बरोबर असेल तर अंकाची किंमत थोडी कमी होते, चुकीचं असेल तर बरीच, असं माझं निरीक्षण आहे. घरी आल्यावर अंक एक दिवस सावलीत पसरायचा, पानापानातून मऊ ब्रश फिरवायचा, पाठीला पुठ्ठा लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि वर चिकटपट्टी. कपाटात कडुलिंबाचा पाला, कसर लागू नये म्हणून. पावसाळ्यात कपाटात पंधरा वॅटचा दिवा, दमट होऊ नये म्हणून. वहिनीची पैठणी माळ्यावरच्या ट्रंकेत असते. तिला पाला नाही आणि दिवाही नाही. वहिनी एकदा मला म्हणाली, “भाऊजी, मागच्या जन्मी मी काही पुण्य केलं असतं तर या जन्मी बहादूर झाले असते.”

प्रत्येक अंकाच्या तीन प्रती असाव्यात, असा त्याचा नियम. एक ठेवायला, एक अदलाबदलीला आणि एक वाचायला. पण होतं काय, अदलाबदलीची प्रत जाते, वाचायची प्रत दुर्मीळ होते, आणि दुर्मीळ झाली की ती ठेवायची होते. असं करत करत एक दिवस असा आला की दादाच्या घरी वाचायचं एकही कॉमिक उरलं नाही. सगळी ठेवायचीच झाली. आमच्याकडे काही खातेदार असतात, पासबुक भरून घ्यायला नेमाने येतात, पैसे कधीच काढत नाहीत. त्यांच्याकडे पाहिलं की मला दादा आठवतो.

हिशेबाची वही मी करून दिली होती. त्यातही गंमत होती. ‘इंद्रजाल’ने ४४३व्या अंकानंतर नंबराची पद्धतच बदलली आणि खंड २०, अंक १ असं नव्याने सुरू केलं. आमच्या बँकेत संगणक आला तेव्हा जुने खातेनंबर जाऊन नवे आले, तेव्हा पेन्शनर मंडळींनी जो गोंधळ घातला, तोच गोंधळ दादाच्या वहीत झाला. पण खरी अडचण दोनच नंबरांची होती. १२३ आणि १२४.

हे दोन अंक काही केल्या मिळेनात. दादा मुंबईला मामेबहिणीच्या लग्नाला गेला आणि अक्षता टाकून फोर्टातल्या फुटपाथवर गेला. दिल्लीला कार्यालयाच्या कामाला गेला आणि रविवारी दर्यागंजच्या पुस्तकबाजारात सापडला. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याने तर “पुढच्या रविवारी आणतो साहेब” म्हणून शंभर रुपये आगाऊ घेतले. असे त्याने चार रविवार आणले. म्हणजे अंक नव्हे, आश्वासन. अकरा वर्षं हे चाललं. शेवटी एका दुसऱ्या संग्राहकाने, तोही बिचारा या वाटेने गेलेला, दादाला बाजूला घेऊन सांगितलं की १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नव्हते. त्या वेळी संप होता. छपाई झालीच नाही, आणि संपानंतर पुढचा नंबर टाकून गाडी सुरू झाली.

मी बँक कर्मचारी. संपाने लोकांची किती गैरसोय होते हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण संपामुळे एका माणसाची अकरा वर्षं गेल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात एवढंच. मला वाटलं दादा आता मोकळा होईल. छे! त्याने खोक्यात १२२ आणि १२५ यांच्यामध्ये दोन अंकांची जागा रिकामी सोडली. मी म्हटलं, “अरे, जे नाहीच त्याची जागा कशाला?” तो म्हणाला, “तुमच्याकडे सस्पेन्स अकाउंट असतं ना? तसं समज.” यावर वाणिज्य शाखेकडे उत्तर नव्हतं.

एकदा तर तो याहून मोठ्या संकटातून वाचला. ‘इंद्रजाल’च्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे काम केलेले अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावं आली आणि रामाच्या आईचं नाव आलं नाही, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली. राम वाईरकरांनी चित्रं काढलेला ‘कृष्ण’ हा त्या मालिकेतला गाजलेला आरंभ. पण त्याचा नंबर अकरा! आधीचे दहा म्हणजे परदेशी परीकथा, आणि त्या निघाल्या होत्या कानडीत. हे कळल्यावर दादाने आठवडाभर कानडी शिकायचं पुस्तक शोधलं. वहिनी माहेरी जायला निघाली तेव्हा शोध थांबला.

आता मला सांगा, राजा विक्रमाने तरी एवढंच केलं ना? पाठीवर वेताळ घ्यायचा, चालायचं, तो निसटला की परत झाडाशी जायचं. दादाने तीन घरं बदलली आणि तिन्ही वेळा खोकी हमालांच्या हाती न देता स्वतः पाठीवरून नेली.

असं सगळं रीतीने चाललं असताना २०२४ चा एप्रिल उजाडला. वर्तमानपत्रात बातमी होती. सुपरमॅन जिच्यात पहिल्यांदा आला त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत अमेरिकेत लिलावात ६० लाख डॉलरना गेली. आपले सुमारे पन्नास कोटी रुपये. १९३८ साली त्या अंकाची किंमत होती दहा सेंट. मी सवयीने कागद ओढला. शहाऐंशी वर्षं, चक्रवाढ व्याज, दर साल दर शेकडा सुमारे तेवीस टक्के! एवढा दर देतो असं आमच्या बँकेत कुणी सांगितलं तर आम्ही आधी पोलिसांना फोन करू.

दादा वर्तमानपत्र घेऊन थेट आईकडे आला. ते पान त्याने तिच्यासमोर पसरलं, आणि पंचनाम्याच्या वेळी पोलीस जसे मुद्देमालाकडे बोट दाखवतात तसं आधी बातमीकडे आणि मग भिंतीवर टांगलेल्या झाऱ्याकडे दाखवलं. आई तेव्हा शहात्तर वर्षांची. तिने चष्मा लावला, बातमी सगळी वाचली आणि विचारलं, “हे एवढं महाग का रे?”

वास्तविक इथे दादाने गप्प बसायला हवं होतं. पण संग्राहकाला प्रश्न विचारला की तो व्याख्यान देतो. त्याने सांगितलं की त्या अंकाच्या तेव्हा दोन लाख प्रती छापल्या होत्या, आणि आज शंभरच्या आसपास उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. बाकीच्यांचं काय झालं? पोरांनी फाडल्या. दुसऱ्या महायुद्धात तिकडे रद्दी गोळा करायची मोहीम निघाली, तिच्यात ढिगांनी गेल्या. युद्धानंतर कॉमिक्सने मुलं बिघडतात अशी हाकाटी झाली, काही गावांत शाळांच्या आवारात त्यांच्या होळ्या पेटल्या. १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने त्यावर पुस्तकच लिहिलं आणि प्रकरण अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे गेलं. आणि जे या सगळ्यातून उरलं ते आयांनी टाकून दिलं.

“कुणीच जपलं नाही?” आईने विचारलं.

एकाने जपलं होतं. डेन्व्हर शहरातल्या एडगर चर्च नावाच्या चित्रकाराच्या घरात १९७७ साली अठरा हजारांवर कॉमिक्स निघाली, कोरीकरकरीत, ढीग रचून ठेवलेली.

“त्यांच्यात दिवाळी नसेल,” आई म्हणाली.

दादा पुढे बोलतच राहिला, आणि बोलता बोलता स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेता झाला. त्याने सांगितलं की पुढे लोक शहाणे झाले. १९७० साली जुन्या कॉमिक्सच्या भावांचं पुस्तक निघालं. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मरतो तो ७५ नंबरचा अंक आला, काळ्या पिशवीत बंद करून, आत काळी फीतसुद्धा. लोकांनी दहा-दहा प्रती घेतल्या आणि पिशवी न फोडता ठेवून दिल्या, मुलीच्या लग्नाची सोय म्हणून. लाखो प्रती खपल्या, लाखो जपल्या गेल्या, आणि म्हणूनच आज त्यांना फारसं कुणी विचारत नाही.

आईने चष्मा काढला. “म्हणजे सगळ्यांनी जपलं की किंमत येत नाही. बाकीच्यांनी टाकलं की येते.”

“हो.”

“मग तुझ्या कपाटात आज जे आहे त्याला किंमत कुणामुळे आली? आम्ही टाकलं म्हणूनच की. माझं काही निघत असेल तर दे.”

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा स्वच्छ मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत ऐकला नव्हता. दादा काही न बोलता गेला. वर्तमानपत्र विसरून गेला. आईने ते रद्दीत घातलं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आमचा वाडा बिल्डरकडे गेला. सामान हलवायला दादा, वहिनी, सगळे आले. स्वयंपाकघरातल्या भिंतीतलं फडताळ मोकळं करायचं काम दादाकडे होतं. डबे काढले, बरण्या काढल्या. डब्यांखाली घातलेले कागद त्याने ओढले आणि तो पुन्हा एकदा वाकला तो वाकलेलाच राहिला. वरचं वर्तमानपत्र अलीकडचं होतं. त्याखाली त्याहून जुनं. आणि अगदी तळाशी, फळीला चिकटलेली, बहादूरच्या एका अंकाची पानं. फळीच्या मापाने कापलेली. तेलाच्या बरणीचं गोल वर्तुळ बरोबर डाकूच्या तोंडावर, आणि सबंध कागदाला हिंगाचा वास. कोपऱ्यात बालबोध अक्षरांत दादाचं नाव आणि ‘हात धुऊन वाचावे’ ही सूचना.

“सगळे नव्हते दिले,” आई मागून म्हणाली. “कागद जाड होता. टाकवेना.”

दादाने त्या पानांचा वास घेतला. सवयच त्याची. पण या वेळी त्याला जरा जास्तच वेळ लागला.

माझी धाकटी मुलगी दहा वर्षांची. तिने ती पानं काकाच्या हातातून घेतली आणि तिथेच फरशीवर बसून वाचायला लागली. हात धुतले नव्हते. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. फळी जिथे संपत होती तिथे गोष्टही संपली. तिने विचारलं, “पुढे काय झालं, काका?”

“पुढे ना,” दादा उत्साहाने म्हणाला, “पुढे बहादूर त्या टेकडीवरून...” आणि थांबला. आठवेना. या अंकाची उत्तम प्रत त्याच्या कपाटात होती, कुठल्या खोक्यात, कुठल्या नंबरवर, पिनेला गंज किती, सगळं पाठ होतं. पण पिशवीला चिकटपट्टी लागून वीस वर्षं झाली होती, आणि गोष्ट तो विसरला होता. माझ्या भावाला एवढं ओशाळलेलं मी सातवीच्या निकालालासुद्धा पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे त्याच्या घरी गेलो. त्याने कपाट उघडलं, खोकं काढलं, पिशवी काढली, आणि नखाने चिकटपट्टी सोडवली. तो आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला वाटलं, कपाट पडलं. काका आणि पुतणी गादीवर पालथे पडून वाचत होते. फडताळातली तेलकट पानं त्याने १२२ आणि १२५ यांच्यामध्ये ठेवली, पिशवीशिवाय. दोन अंकांची जागा बरोबर भरली. मी विचारलं, “हे कुठल्या नियमात बसतं?” तो मान वर न करता म्हणाला, “वाचायची प्रत.”

रात्री त्याच्याकडेच जेवण झालं. वाड्यातलं सामान अजून पोत्यांत होतं, पण आईने त्यातून नेमका झारा शोधून काढला होता. ती काही बोलली नाही, नुसत्या पुऱ्या तळत राहिली. ताटात पुरी पडली तेव्हा दादाचं लक्ष बहादूरमध्ये होतं, की त्याने तसं दाखवलं, कोण जाणे.

मी मोजल्या. पाच. पण बंदी अजून उठलेली नाही, तेव्हा याची नोंद मी कुठल्याही वहीत केलेली नाही.